दम घ्यायच्या जागा

जिवतीच्या पहाडावरच्या काही भजनी मंडळांना एक खोड आहे. गाणारा ओळीच्या मधेच थांबतो. शब्द अर्धा असतो, अर्थही पुरा झालेला नसतो, ढोलकी मात्र चालू असते. दोन मात्रा तशाच जातात आणि मग तो उरलेला शब्द उचलून समेवर येतो. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, ही इथली गायकी असावी. चांगल्या भरलेल्या छातीची पोरंही बरोबर त्याच जागी थांबतात. ही खोड माझ्या दोस्तानं लावली. त्याला तिथं थांबणं भाग होतं.

त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. घरच्यांची तशी इच्छा आहे, घरात लग्नाच्या मुली आहेत. शिवाय रुग्णाचं नाव रजिस्टरच्या बाहेर न्यायचं नाही ही माझ्या नोकरीची सवय आहे. मी आरोग्य खात्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. गावात मला ‘रक्तवाला’ म्हणतात. तोही चारचौघांत तसंच म्हणायचा, एकटा असला की ‘बे’.

आमचं घर मूळचं नांदेडकडचं. 1972च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातली किती तरी कुटुंबं या माणिकगडच्या डोंगरावर चढली. पाऊस पडतो, जंगल आहे, जमीन फोडायला मिळते, एवढ्या ऐकीव माहितीवर माणसं पोरंबाळं घेऊन आली. गोंड, कोलाम, परधान इथं आधीपासून होते, बंजाऱ्यांचे तांडे होते. राजुरा तालुका 1956पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, मग नांदेडला जोडला आणि 1959मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला. जिवती हा त्याच राजुऱ्यातून पुढं निघालेला तालुका. त्यामुळे आमच्या वर्गात एका बाकावर मराठी, गोंडी, कोलामी आणि गोरबोली अशा चार भाषा बसायच्या, आणि खिडकीतून तेलुगू यायची. माझी आई ‘का रं लेकरा’ म्हणायची, त्याची आई ‘काऊन रे पोरा’. आम्ही दोघं दोन्ही बोलायचो.

तो परधान. परधान हे गोंडांचे गाणारे. किंगरी नावाचं गजानं वाजवायचं तंतुवाद्य घेऊन ते यजमानांच्या घरी जातात आणि त्यांच्या देवांच्या, कुळांच्या कथा गातात. हैमेंडॉर्फ नावाचा एक ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ 1940च्या दशकात इथून सीमेपलीकडच्या मारलवाईला राहिला होता. त्यानं लिहून ठेवलंय की परधान घरी मराठी बोलतात आणि गातात मात्र गोंडीत. दोस्ताचा आजा अगदी तसाच होता. बायकोशी भांडण मराठीत, देवाशी बोलणं गोंडीत. आम्ही लहान असताना आजा किंगरी अंगणात काढायचा तेव्हा आधी बराच वेळ नुसती तार लावायचा. आम्हाला वाटायचं, हेच गाणं आहे.

नातवानं किंगरी हाती घेतली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, “किंगरीले यजमान लागते बे. मले माईक लागते.” हे उद्धटपणाचं बोलणं होतं आणि खरंही होतं. यजमान स्वतःच कापसाच्या कर्जात. किंगरीवाल्याला वर्षाला धान्य, गाय द्यायची रीत आजाच्या तरुणपणीच पातळ झालेली. नातवाचा गुरू वेगळाच होता, रेडिओ. पहाडावर नागपूर केंद्र खरखरायचं आणि आदिलाबाद स्वच्छ लागायचं. तिथं तेलुगू असायचं, मराठी असायचं, गोंडीही असायचं. तेलुगू गाणी तो अर्थ न कळता तोंडपाठ करायचा, आणि आठवडी बाजारात एखादा तेलुगू बोलणारा दुकानदार गाठून अर्थ विचारून घ्यायचा. चाल आधी, अर्थ मागून. भजनं तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवाल्या मंडळींकडून उचलली. ढोलकी कुणाकडून शिकला नाही. ती त्याला कधी नीट आलीच नाही. तरी आयुष्यभर ढोलकीवाल्यांना शिकवत राहिला.

शाळेत तो धावायचा नाही. कबड्डीत घेतला तर एका डावात खाली बसायचा. डोळे पिवळसर, पोट थोडं पुढं आलेलं. थंडीत किंवा पावसात भिजला की दोन-तीन दिवस हातापायांची हाडं धरून पडून राहायचा. ओरडायचा नाही, पण त्या दिवसांत त्याच्याशी कुणी बोललेलं त्याला खपायचं नाही. घरच्यांनी कोंबडं दिलं, गंडा बांधला, एका बाबानं पाठीवर डागलंही. डाग शेवटपर्यंत होते. खेळाच्या तासाला गुरुजी त्याला ओट्यावर बसवायचे आणि गुण मोजायला सांगायचे. तो गुण चुकीचे मोजायचा, कारण मनात चाल चालू असायची. प्रार्थनेला मात्र तोच पुढं. लहान पोरांची प्रार्थना पट्टी सोडून कुठंही जाते. आमच्या शाळेत ती जायची नाही, कारण तो मागं वळून बघायचा.

आवाज वरचा होता. काळी चारला सहज जायचा, पण लांबची ओळ एका दमात ओढता यायची नाही. हे त्याला फार लवकर कळलं असणार. दुसऱ्या कुणी सोपी, आखूड ओळींची गाणी निवडली असती. त्यानं गाणी तीच ठेवली आणि मोठ्या ओळींत दम घ्यायच्या जागा शोधल्या. त्या शोधायला तो दिवसचे दिवस घालवायचा. श्वास कुठं घेतला तर ऐकणाऱ्याला तुटल्यासारखं वाटणार नाही, उलट पुढचा शब्द ऐकायची ओढ लागेल, याचा त्याचा हिशोब पक्का होता. मला समोर बसवून तो एकच ओळ वेगवेगळ्या ठिकाणी तोडून म्हणायचा आणि विचारायचा, “कुठं कळलं?” मला कळलं असेल तर ती जागा बाद.

डी.एम.एल.टी. करून मी नोकरीला लागलो. 2008नंतर महाराष्ट्रात सिकलसेल नियंत्रणाचं काम टप्प्याटप्प्यानं सुरू झालं, आणि ते आमच्या पहाडावर आलं तेव्हा तपासण्या माझ्याकडे आल्या. पहिली चाचणी सोपी असते. बोटातून थेंबभर रक्त, नळीत द्रावण, नळीच्या मागं काळ्या रेघांचा कागद. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढं इलेक्ट्रोफोरेसिस, कारण गढूळ नळी एवढंच सांगते की सिकल आहे. वाहक की रुग्ण, हे सांगत नाही. त्याची नळी मी धरली तेव्हा मला वाचायची गरज नव्हती. त्याला होती. तो शेजारी उभा राहून वाकून बघत होता. “रेघा कुठं गेल्या बे?” म्हणाला. नमुना चंद्रपूरला गेला. उत्तर आलं एसएस, म्हणजे रुग्ण.

हा रोग आईबापांकडून येतो. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता मूल रुग्ण असण्याची. वाहकाला स्वतःला सहसा काही होत नाही. उलट 1954मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवून दिलं की वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बचाव मिळतो, म्हणून जिथं पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया आहे तिथं हा गुण रक्तात टिकतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात तो टिकला याचं नवल नाही. हे सगळं मी त्याला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “म्हंजे आमच्या बापजाद्याईनं मच्छर मारले आन्‌ बिल माह्या नावावर आलं.” याहून नेमकं मला कुठल्या प्रशिक्षणात सापडलं नाही.

पुढं काही वर्षं तो आमच्या गाडीतून फिरला. जनजागृतीसाठी कलापथकाचं थोडं मानधन असायचं. वरून छापील गाणं आलेलं, त्यात रोगाची सगळी माहिती कोंबलेली. त्यानं ते एकदा वाचलं आणि कागद माझ्याकडे परत दिला. “हिमोग्लोबिन कोणत्या ठेक्यात बसते ते तू म्हणून दाखव.” मी म्हणून दाखवलं. गाडीचा ड्रायव्हर अजून त्यावर हसतो. मग त्यानं स्वतः बांधलं. त्यात रोगाचं नाव एकदाच यायचं. बाकी सगळं एका लग्नाचं वर्णन होतं. मुलाकडचे मुलीकडे येतात, सोनं विचारतात, शेत विचारतात, कुळ विचारतात, देव किती म्हणून विचारतात, आणि एक म्हातारी मधेच उठून म्हणते की रक्त विचारा. म्हातारीचा आवाज तो आपल्या आज्यासारखा काढायचा. बायका हसून लोळायच्या आणि हसणं ओसरायच्या आत रांगेत हात पुढं करायच्या. माझ्या नोंदवहीतल्या किती तरी तपासण्या त्या म्हातारीनं करून दिलेल्या आहेत.

आम्ही सांगायचो त्यातला एक सल्ला मात्र या पहाडावर सांगताना जीभ अडखळते. सिकलच्या माणसानं भरपूर पाणी प्यावं, शरीर कोरडं पडू देऊ नये. कोरडं पडलं की विळ्यासारख्या पेशी नसांत अडकतात आणि वेदनांचा झटका येतो. आणि इथं पाऊस भरपूर पडून उताराला लागतो. होळीच्या आसपास विहिरी तळ दाखवतात. कोलामगुड्यांवर बाया झऱ्याच्या खड्ड्यातून वाटीनं पाणी भरतात. त्यांना मी तीन-चार लिटर पाणी प्या म्हणून सांगायचं. दोस्त अशा वेळी तोंड फिरवून पेटीचा भाता उगाच हलवत बसायचा.

सीमेवरच्या चौदा गावांत, परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर या भागात, त्याला विशेष मागणी. या गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांचाही हक्क, म्हणून लोकांकडे रेशनकार्डं दोन, मतदार कार्डं दोन, शाळा मराठीही आणि तेलुगूही. माझ्या दृष्टीनं ही गावं म्हणजे डोकेदुखी. एकाच पोराचं रक्त दोन राज्यांनी तपासलेलं असतं, एका कागदावर बापाचं नाव आधी, दुसऱ्यावर आडनाव आधी. त्याच्या दृष्टीनं सुगी. निवडणुकीत तो दोन्हीकडच्या प्रचाराला गायचा, सकाळी मराठीत, संध्याकाळी तेलुगूत. कुणी टोमणा मारला तर म्हणायचा, “मतदार दोनदा मत देते, गाणाऱ्यानं एकदाच गावं का?”

पैशाला तो पक्का होता. हे मुद्दाम लिहितो. तो गेल्यावर जो तो मला सांगत आला की बिचारा दुःख विसरायला गायचा. मी हे ऐकून घेतो, पण मला पटत नाही. दुखत असायचं तेव्हा तो गात नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि शेजारी रेडिओ लागला तरी चिडायचा. गायचा ते बरं असताना, आणि गायचा ते त्याला येत होतं म्हणून, लोकांनी वाहवा केलेली आवडत होती म्हणून, मानधन मिळत होतं म्हणून. माईक दोनदा तपासल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. दुसऱ्या मंडळाच्या गायकाला कधी मनापासून चांगलं म्हटलं नाही. “आवाज हाय, कान नाई,” हा त्याचा ठरलेला निकाल. आजारी माणसाच्या कलेला लोक फार लवकर आजाराचं औषध ठरवतात. त्यानं केलेल्या मेहनतीचं मोल त्यात बुडून जातं.

प्रशिक्षणात आम्हाला या रोगाचा इतिहास शिकवला होता. 1910मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी पहिल्यांदा या विळ्यासारख्या पेशींची नोंद प्रसिद्ध केली. ज्याचं ते रक्त 1904मध्ये तपासलं तो वीस वर्षांचा विद्यार्थी, वॉल्टर क्लेमेंट नोएल, वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेला. शोधनिबंधात त्याचं नाव नाही. तो शिकला, परत घरी गेला, दवाखाना काढला, लोकांचे दात दुरुस्त केले आणि 1916मध्ये बत्तिसाव्या वर्षी न्यूमोनियानं गेला. जगाला त्याच्या पेशी माहीत आहेत. तो दात कसे काढायचा, हात हलका होता का, हे कुणी लिहून ठेवलं असेल तर माझ्या वाचनात नाही. हा लेख मी लिहायला घेतला त्याचं कारण बरंचसं हेच.

दुसरं उदाहरण मी दोस्ताला सांगितलं होतं. अमेरिकेतला जगप्रसिद्ध ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस, त्यालाही सिकलसेल होता, कमरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया करावी लागली, तरी फुंकून वाजवायचं वाद्य वाजवत राहिला. मोबाइलवर ऐकवलं. तो पुष्कळ वेळ ऐकत राहिला. मला वाटलं, आता काही तरी जड बोलेल. “हा बी मधात थांबते,” एवढं म्हणाला आणि मागून विचारलं, “पैसे किती घे?”

हायड्रॉक्सियुरियाची गोळी सुरू झाल्यावर त्याची काही वर्षं खरंच बरी गेली. झटके कमी झाले. गोळी चालू असताना रक्तपेशी ठरावीक अंतरानं मोजाव्या लागतात, म्हणून तो माझ्याकडे यायचा. सुई घालताना गुणगुणायचा आणि मी नस चुकलो तर बेसूर व्हायचा, मुद्दाम. एसटीत सिकलच्या रुग्णाला प्रवास मोफत, त्याचा त्यानं पुरेपूर फायदा घेतला. तपासणीला म्हणून गडचांदूरला उतरायचा आणि तिथून पुढं कुठल्या तरी सप्ताहाला. 2016च्या कायद्यानं सिकलसेल अपंगत्वाच्या यादीत आला, तेव्हा प्रमाणपत्रासाठी मी त्याच्या मागं लागलो. टक्के लिहून येणार म्हटल्यावर त्याला राग आला. “आवाजाचे बी टक्के लिहून दे म्हणा, मंग जातो.” पुढं गेला, कारण मानधनाच्या एका योजनेला तो कागद लागत होता.

पौष महिन्यात जंगूबाईची जत्रा असते, महाराजगुड्याकडच्या जंगलात, गुहेत. गोंड, परधान, कोलाम दोन्ही राज्यांतून चालत येतात, ढोल-पेपऱ्यांचे आवाज दरीत रात्रभर. डॉक्टरांनी थंडीत रात्र बाहेर काढू नको म्हणून बजावलेलं त्याला पाठ होतं. तरी तो दरवर्षी जायचा, कारण आजा जायचा. तिथं तो माईक मागायचा नाही. आजाच्या किंगरीचा साथीदार होता, त्याच्या मागं बसून फक्त झील धरायचा, तीही गोंडीत. मी त्याला तिथं पाहिलं आहे. झील धरताना तो कुणालाही सूर शिकवत नव्हता.

शेवटच्या वर्षी जत्रेहून आला तो खोकला घेऊनच. छातीत कळ, ताप, दोन वाक्यांत धाप. सिकलच्या माणसाला छातीचं असं दुखणं झालं की वेळ फार थोडा असतो. 108ची गाडी आली, घाट उतरली, प्राणवायू लावलेला होता. चंद्रपूरला दुसऱ्या दिवशी गेला. बाकी काही सांगण्यासारखं नाही.

1 जुलै 2023ला शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, 2047चं उद्दिष्ट घेऊन, चाळीस वर्षांखालच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं. माझ्या टेबलावर आता झटपट चाचणीच्या पट्ट्या आहेत, ॲप आहे, नोंदी जागेवर जातात. काम वाढलं आहे आणि चांगल्या अर्थानं वाढलं आहे. आश्रमशाळांत जातो तेव्हा एसएस निघालेल्या पोरांना वेगळं बसवून बोलतो. खेळायचं नाही असं सांगत नाही. थकलास की थांब, पाणी पी, परत खेळ, असं सांगतो. काय आवडतं तेही विचारतो. हे कुठल्या फॉर्मात नाही. एक मुलगी म्हणाली हिशोब आवडतो. एकाला ट्रॅक्टर चालवायचाय. गाणं आवडणारे थोडेच निघतात, आणि मला त्याचं बरं वाटतं. रुग्ण म्हणजे गाणारा असं काही नसतं.

त्याची रेकॉर्डिंगं माझ्या फोनमध्ये आहेत. बहुतेकांत तो गाणं अर्ध्यात सोडून ढोलकीवाल्यावर खेकसतो. “पळू नको बे, गाडी सुटली का तुही?” लोक माझ्याकडून ती घेतात आणि खेकसणं कापून पुढं पाठवतात. मागं फूल, मेणबत्ती आणि उडणारं पाखरू लावलेलंही एक फिरतंय. मी मागणाऱ्याला अख्खं देतो. पुढं त्यानं काय कापावं हा त्याचा प्रश्न.

यंदा मंडळानं त्याच्या नावानं भजन स्पर्धा घ्यायची ठरवली. फलकाचा मजकूर कुणी तरी लिहून आणला होता, त्यात रोगाचं नाव त्याच्या नावाच्या आधी. त्याच्या बहिणीनं पेन घेऊन ते खोडलं आणि ‘गायक’ एवढंच ठेवलं. घरच्यांच्या मर्जीनं नाव फलकावर आलं, छापील कागदावर नको, हे त्यांचं त्यांनी ठरवलेलं आहे. मोबाइलवर ट्रॅक लावून गायचं नाही, हा नियम एकमतानं झाला. खरी चर्चा तारखेवरून रंगली. दिवाळीच्या आधी म्हणावं तर दंडारीची नाचपथकं निघालेली असतात, अर्धे गाणारे दुसऱ्या गावी पाहुणे. दिवाळीनंतर कापूस वेचायला माणूस मिळत नाही. पौषात जंगूबाई आणि थंडी. होळीनंतर पाणी नाही, चार मंडळं आली तर त्यांना प्यायला काय द्यायचं? शेवटी माघातला रविवार धरला. रात्री गारठा असतो म्हणून मी सुचवलं, दुपारी घ्या. भर दुपारी भजन म्हटल्यावर म्हातारे हसले, अशानं कोण येईल म्हणाले. पण दुसऱ्याच दिवशी आश्रमशाळेतून निरोप आला की दुपारची असेल तर आमची पोरंही उतरतील स्पर्धेत. माईकचं भाडं माझ्याकडे लागलं. पेटीचे दोन सूर पावसाळ्यात बसलेत. ते दुरुस्त करून आणायचे आहेत, नाहीतर परीक्षकांच्या आधी आम्हालाच कळेल.